तीन शाहीर आणि एक डफ

नातवाने मागे एकदा फोनवर विचारलं, "आबा, तुमच्या वेळी तिकडे बँड होते का हो?"

मी म्हटलं, होते की! अंबाजोगाईहून यायचे. लाल कोट, पितळी बिगुल, पुढे एकाच्या डोक्यावर गॅसबत्ती. वरातीला दीडशे रुपये आणि जेवण.

तो हसला. त्याला तो बँड अभिप्रेत नव्हता. माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त डब्लिनला असतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नातू तिथेच वाढतो आहे. चार मित्रांबरोबर कुणाच्या तरी गॅरेजात गिटार, ड्रम वगैरे वाजवतो. मराठी बोलतो, पण 'ळ' चा 'ल' करतो. मी दुरुस्त करतो, तो पुन्हा तसाच बोलतो... मास्तरकी संपली तरी खोड जात नाही. असो.

तर त्याला विचारायचं होतं ते असं: चार-पाच जणांनी एकत्र येऊन, कुठल्या कंपनीच्या दावणीला न बांधून घेता, स्वतःची गाणी स्वतः लिहून, स्वतःच गावोगाव जाऊन म्हणणारे लोक तुमच्याकडे होते का? त्याने उदाहरण म्हणून त्यांच्याकडच्या एका जुन्या बँडची गाणी पाठवली. नाव हॉर्सलिप्स. १९७० साली डब्लिनमध्ये निघालेला. त्यातले तिघे एका जाहिरात कंपनीत कामाला होते. बड्या रेकॉर्ड कंपनीच्या मागे लागण्याऐवजी त्यांनी 'ओट्स' नावाची स्वतःचीच कंपनी काढली आणि १९७२ मध्ये पहिली तबकडी बाहेर आणली. मी ऐकलं. खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं नुसता गोंगाट वाटला. मग एकाएकी त्या विजेच्या गिटारीच्या आतून एक जुनी, मार्चिंगची असावी तशी चाल वर आली आणि मी सरसावून बसलो.

नातवाने सांगितलं की १९७३ ची त्यांची 'द टॉइन' ही तबकडी आयर्लंडच्या एका प्राचीन महाकथेवर आहे. कथा काय, तर एका राणीला दुसऱ्या प्रांतातला एक तपकिरी वळू हवा असतो. नवऱ्याकडे एक नामांकित पांढऱ्या शिंगांचा वळू आहे, त्याच्या तोडीचा आपल्याकडेही पाहिजे, एवढ्यासाठी ती सैन्य घेऊन जाते! मी त्याला म्हटलं, अरे, हे तर आपलं विराटपर्वातलं गोग्रहण झालं. आणि बैलापायी भांडणं म्हणशील तर केज तालुक्यात कुठल्याही पारावर बस, तुला दोन तासांत तीन महाकथा मिळतील.

पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मनात केव्हाच तयार झालं होतं. होते. आमच्याकडे असे लोक होते. त्यांच्या हाती गिटार नव्हती; डफ होता, ढोलकी होती, तुणतुणं होतं. नाव होतं लालबावटा कलापथक. साल १९४४.

त्याला फोनवर सांगितलं ते तुटक सांगितलं. इथे जरा सविस्तर लिहितो, म्हणजे घरातल्या बाकीच्या मुलांनाही वाचता येईल.

तिघे जण होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर.

अण्णाभाऊंचं नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. तेव्हाचा सातारा जिल्हा, आता सांगली, वाळवा तालुका. मातंग समाजात जन्म. शाळा नावापुरतीच, दीड दिवसाची म्हणतात. एक शिक्षक म्हणून मला हे वाक्य कधीच गंमतीचं वाटलं नाही. लोक ते कौतुकाने सांगतात, बघा, दीड दिवस शाळेत गेला आणि केवढा साहित्यिक झाला! पण तो दीड दिवसात शाळेतून बाहेर का पडला, हे विचारायला हवं, आणि ते विचारलं की आम्हा शिक्षकांची मान खाली जाते. पुढे कुटुंबाबरोबर कित्येक दिवस पायी चालत मुंबई गाठली. पडेल ते काम केलं, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. अक्षरं तिथे शिकले. आणि दुसऱ्या महायुद्धात तिकडे रशियात स्टालिनग्राडला लढाई चाललेली असताना या माणसाने इकडे स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. पोवाडा म्हणजे अफझलखानाचा वध, तानाजीचा सिंहगड, एवढंच ज्यांना ठाऊक होतं त्या कामगारांपुढे त्याने व्होल्गाकाठची लढाई उभी केली.

अमर शेख आमच्या बाजूचे. म्हणजे बार्शीचे. खरं नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. आई मुनेरबी, तिच्या तोंडी ओव्या आणि लोकगीतं, तोच त्यांचा पहिला रियाज. यांनीही मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत केलं, संपात उतरले, तुरुंगात गेले. आवाज असा पहाडी, की लाउडस्पीकर बंद पडला तरी सभेला कळू नये!

तिसरे गव्हाणकर. लिहीत, गात, आणि वगात उभेही राहत. तिघांत आज सगळ्यात कमी नाव त्यांचंच घेतलं जातं. प्रत्येक मंडळीत असा एक जण असतो, ज्याच्याशिवाय गाडा चालत नाही आणि ज्याचा फोटो पुढे छापला जात नाही.

काळ कसा होता पाहा. १९४३ साली मुंबईत 'इप्टा' म्हणजे भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला. बंगालमध्ये दुष्काळाने माणसं रस्त्यावर मरत होती. अण्णाभाऊंनी 'बंगालची हाक' हा पोवाडा लिहिला तो त्याच वेळचा. लालबावटा कलापथक कम्युनिस्ट पक्षाच्या छायेत निघालं, हे लपवण्यासारखं नाही, नावातच ते आहे. म्हणजे नातवाच्या अर्थाने ते 'स्वतंत्र' होतं का? कंपनीपासून, थिएटरमालकापासून, तमाशाच्या फडमालकापासून स्वतंत्र होतं. पक्षापासून नव्हतं. आणि त्याची किंमत त्यांनी पुढे मोजली. पण ते नंतर.

त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. तमाशाचा साचा ठरलेला असतो. आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी. मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी गणातला गणपती काढला आणि तिथे मातृभूमीला, श्रमिकांना, हुतात्म्यांना वंदन घातलं. गवळण काढूनच टाकली. सोंगाड्या मात्र ठेवला. सोंगाड्या काढला असता तर त्यांचा तमाशा म्हणजे पक्षाचं पत्रक झाला असता! वगांची नावं नुसती वाचली तरी कळतं: 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्याचा दौरा'. (यातल्या शेवटच्या दोन वगांना आजही नेपथ्य बदलावं लागणार नाही.) आयर्लंडच्या पोरांनी जुन्या चालीत वीज सोडली, तर आमच्या शाहिरांनी जुन्या तमाशात गिरणीचा भोंगा आणला. दोन्हीकडे जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली असणार, हे वेगळं सांगायला नको.

आता आमच्या घराचा संबंध सांगतो.

तेव्हा आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. बार्शी इंग्रजांच्या मुलखात. मधे करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीचे. आमच्याकडे सभा घ्यायची, जलसा करायचा तर सरकारची आगाऊ परवानगी पाहिजे, गश्ती निशाण ५३ म्हणून हुकूमच होता. बार्शीत तसं नव्हतं. शिवाय बार्शी ही मोठी पेठ, छोट्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे तिथून लातूरपर्यंत जायची. वडील तूर, करडी घेऊन केज-कळंब-येरमाळा करत बैलगाडीने बार्शीला जात. अशाच एका खेपेत त्यांनी अमर शेखांना ऐकलं. साल ते वेगवेगळं सांगत, कधी म्हणत रझाकारांच्या आधी, कधी म्हणत त्याच धामधुमीत. पण बाकीचा तपशील कधी बदलला नाही. माल विकला गेला होता, रात्री मुक्कामाला गाडीतळावर थांबले होते, आणि लांबून आवाज आला. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज. वडील आवाजाच्या दिशेने चालत गेले आणि पहाटेपर्यंत परत आले नाहीत. बैलांना वैरण घालायची राहिली, ही रुखरुख त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली!

येताना त्यांनी गाण्यांची एक चोपडी आणली. रद्दी कागदावर छापलेली, टाचणी मारलेली. नाक्यावर झडती होते म्हणून ती रिकाम्या पोत्यात घालून त्यावर बसून आले. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आबा, आमच्याकडेही गाण्याच्या ठिकाणी टेबल लावून स्वतःच्या सीडी विकतात." मी म्हटलं, विकत असतील, पण त्यांच्यावर बसून नाका ओलांडावा लागतो का?

त्याच निजामाच्या राज्यात तिकडे तेलंगणात शेतकऱ्यांनी लढा उभारला, त्यावरही अण्णाभाऊंनी पोवाडा रचला. आमचे मराठवाड्याचे लोक त्या लढ्याकडे कसं पाहत होते हा स्वतंत्र विषय आहे, एक राज्य असून दोन्हीकडचे रस्ते निराळे होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. मी त्यानंतरचा, १९४९ चा.

मुक्त झालेल्या देशात शाहीर मोकळे झाले असतील असं वाटेल. तसं झालं नाही. इकडे मुंबई राज्यात कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. मोरारजी देसाई गृहमंत्री. तमाशावर निर्बंध आले आणि लालबावटाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. ज्यांनी स्वातंत्र्यावर गाणी लिहिली ते भूमिगत झाले. तमाशाला 'लोकनाट्य' हे सोवळं नाव मिळालं ते याच सुमारास. नाव बदललं की वस्तू शुद्ध होते ही आपली जुनी समजूत. पथक म्हणून त्या तिघांचा जो सलग प्रवास होता तो इथे खिळखिळा झाला. फार तर पाच-सहा वर्षांचा तो काळ. मला नेहमी वाटतं, त्यांच्याबद्दल बोलताना आपण पंचवीस वर्षांचं बोलतो, पण मुळातली एकत्र बैठक एवढीच. हॉर्सलिप्सही दहाच वर्षं टिकले. १२ ऑक्टोबर १९८० ला बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवून थांबले.

मात्र ते तिघे पुन्हा एकाच मैदानात उतरले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ! ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात समिती स्थापन झाली आणि मग गावोगाव सभा. भाषण अत्र्यांचं असो की डांग्यांचं, आधी शाहीर पाहिजे. आत्माराम पाटील होते, शाहीर साबळे होते. साबळे राष्ट्र सेवा दलाच्या, साने गुरुजींच्या संस्कारातले, म्हणजे विचाराने दुसऱ्या आळीतले. सेवा दलाचंही कलापथक होतं, वसंत बापट त्यात, पुढे निळू फुले त्यातूनच आले. त्या काळात महाराष्ट्रात अशी कितीतरी पथकं होती आणि ती एकमेकांशी भांडतही होती. पण मुंबईसाठी सगळे एका स्टेजवर आले.

'माझी मैना' त्या वेळची. अण्णाभाऊंची छक्कड. गावाकडे बायको सोडून पोटासाठी मुंबईला आलेला माणूस तिची आठवण काढतो आणि शेवटाकडे येता येता ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव होऊन जाते. विरह बायकोचा आणि विरह भूमीचा. मी शाळेत वर्षानुवर्षं 'श्लेष' आणि 'रूपक' शिकवलं, पण या एका छक्कडीत जे रूपक आहे ते कुठल्याच क्रमिक पुस्तकात मला भेटलं नाही. लिहिली अण्णाभाऊंनी, घराघरात नेली अमर शेखांच्या आवाजाने. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. शाळेत पेढा मिळाला. अर्धा. उरलेला अर्धा गुरुजींनी दुसऱ्या वर्गासाठी ठेवला होता.

बेळगाव, निपाणी आणि कारवार आले नाहीत. मैना अजून तिकडेच आहे.

त्यानंतर तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे वळले. 'फकिरा' १९५९ ची, १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे, हे पक्षाचा शाहीर म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. 'वैजयंता' वर सिनेमा निघाला तोही १९६१ चाच. एवढं सगळं होऊन मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत. अमर शेख सिनेमांत दिसले, 'महात्मा फुले' त अत्र्यांबरोबर, मग 'प्रपंच' मध्ये. कवितासंग्रह आले, 'कलश' १९५८, 'धरतीमाता' १९६३. आणि १९६२ साली चीनने हल्ला केला तेव्हा हा माणूस गोंधळात पडला नाही. पक्षात वाद चालले होते. अमर शेख डफ घेऊन देशासाठी निधी गोळा करत फिरले. वर म्हटलं ना, पक्षापासून स्वतंत्र नव्हते... तर त्या वर्षी अमर शेख स्वतंत्र झाले.

१९६९. मी अंबाजोगाईला बी. ए. ला होतो. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, गोरेगावला, एकोणपन्नास वर्षांचेही पूर्ण नव्हते. मला ती बातमी वाचल्याचं आठवत नाही. खोटं कशाला सांगू. २० जुलैला माणूस चंद्रावर उतरला, आम्ही मुलं वाचनालयात पेपरवर तुटून पडलो होतो आणि आमच्या डोळ्यांना चंद्राखेरीज काही दिसत नव्हतं. मराठी विषय घेऊन बी. ए. करणारा मुलगा, त्याला मराठीतला एवढा मोठा माणूस गेल्याचं कळलं नाही. आमच्या अभ्यासक्रमात ते नव्हतेच म्हणा!

अमर शेखांचं मात्र आठवतं. २९ ऑगस्ट, इंदापूरजवळ मोटारीचा अपघात. अण्णाभाऊंनंतर बरोबर बेचाळीस दिवसांनी. मी रविवारी घरी गेलो तर वडील ओसरीवर बसलेले, समोर ताट तसंच. आई म्हणाली, "त्यांचा तो बार्शीवाला गेला."

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर बसलो आहे, आणि तिथे यायला इतका वेळ लावला.

१९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. घरं जळली, माणसं मारली गेली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. त्या हिवाळ्यात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. (शाळेचं नाव लिहीत नाही. आणि मुलाचंही.) गाण्यांची जबाबदारी माझ्याकडे. नववीतला एक मुलगा, आईवडील ऊसतोडीला गेलेले. आमच्या जिल्ह्यात दसरा झाला की गावं अर्धी रिकामी होतात, बैलगाड्या पश्चिमेकडे निघतात, मागे म्हाताऱ्या आणि पोरं राहतात. हा आजीजवळ राहणारा. मातंग वस्तीतला. त्याने सरावाला 'माझी मैना' म्हटली. हलगीवर, स्वतःच वाजवत. आवाज फुटायच्या वयातला, वरच्या पट्टीत चिरकला, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. ज्याची आई त्या वेळी तीन-चारशे किलोमीटरवर कोपीत झोपत होती, तो मुलगा विरह म्हणत होता. त्याला रूपक शिकवायची गरज नव्हती.

संमेलनाच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, वातावरण बरं नाही, पाहुणे येणार आहेत, हे गाणं आत्ता कशाला? कुणी हुकूम दिला नव्हता. मी चार शब्द बोललो असतो तर गाणं राहिलं असतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आता तर खात्रीच आहे. मी बोललो नाही. मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, गाणं फार लांब आहे, वेळेत बसत नाही."

तो म्हणाला, "गुर्जी, कापून म्हणतो की. दोनच कडवी म्हणतो."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू."

संमेलन झालं. पाहुण्यांनी मुलांना खूप शिका म्हणून सांगितलं. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. पुढच्या वर्षी तो दहावीला आलाच नाही, कोयत्याला गेला. गाण्यामुळे गेला असं मी म्हणत नाही, घरची गरज होती, बाकीचीही मुलं जात. पण अण्णाभाऊंच्या त्या दीड दिवसाच्या शाळेबद्दल लोक कौतुकाने बोलू लागले की मी तिथून उठतो, त्याचं कारण हे आहे.

वडिलांना मी हे कधी सांगितलं नाही. ती पोत्यातली चोपडी त्यांनी माझ्याच हाती दिली होती.

नंतर काळ बदलला म्हणायचा. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. २००२ साली अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं. अमर शेखांच्या नावाने मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णाभाऊंच्या पुतळ्याचं अनावरण झालं, ज्या देशातल्या लढाईचा पोवाडा त्यांनी माटुंग्यात बसून लिहिला तिथे. १ ऑगस्टला आमच्या तालुक्याच्या गावी मिरवणूक निघते, डीजेच्या भिंती इतक्या मोठ्या की खिडक्या थरथरतात, आणि त्या आवाजात गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. बिनालाउडस्पीकरचा तो आवाज ऐकायला पहाटेपर्यंत उभे राहिलेले वडील असते तर काय म्हणाले असते... जाऊ द्या.

हॉर्सलिप्सवाल्यांची एक गोष्ट नातवाने सांगितली ती मला आवडली. बँड मोडल्यावर त्यांच्या तबकड्या भलतेच लोक छापून विकत होते. शेवटी १९९९ मध्ये त्यांनी कोर्टात जाऊन स्वतःच्या गाण्यांचे हक्क परत मिळवले आणि २००९ मध्ये पुन्हा एकत्र येऊन वाजवलं. त्यांचा गिटारवाला जॉनी फीन २०२३ मध्ये वारला तेव्हा नातवाच्या मित्रमंडळींनी गॅरेजात त्याची गाणी वाजवली. आमच्या तिघांना कुणी कोर्टाची पायरी चढायला सवड दिली नाही, आणि पुन्हा एकत्र यायलाही नाही.

तर, मी नातवाला 'माझी मैना' ची एक जुनी ध्वनिफीत पाठवली. अर्थ लिहून पाठवला, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. बेळगाव कुठे, डांग कुठे, छक्कड म्हणजे काय. दोन दिवसांनी त्याचा फोन. त्याला शब्दांपेक्षा तो ठेका हवा होता. "आबा, ही हलगी वाजवणारं कुणी आहे का गावात? नीट रेकॉर्ड करून पाठवाल? आम्हाला त्यावर काहीतरी करून बघायचंय."

हलगी वाजवणारे गावात चार-पाच आहेत. मी त्यांच्यापैकी कुणाकडे गेलो नाही. दोन दिवस तसेच काढले. मग त्याच्या पुतण्याकडून नंबर घेतला आणि फोन लावला. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांत आम्ही रस्त्यात पाच-सात वेळा भेटलो असू, तो दर वेळी वाकून नमस्कार करतो आणि मी घाईत असल्यासारखं करतो. आता त्याचं वय साठीच्या पुढे. स्वतः कोयता धरत नाही, मुलाची टोळी आहे, तिच्याबरोबर स्वयंपाकपाण्याला, बैल सांभाळायला जातो.

"कोण, गुर्जी? बोला की."

मी नातवाचं सांगितलं, हलगीचं सांगितलं. मग म्हटलं, त्या वर्षी संमेलनात तुझं गाणं मी कापलं होतं, आठवतं का? लांब होतं म्हणून नाही कापलं. भ्यालो होतो.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग म्हणाला, "आठवतंय की. लांबच हाय ते, गुर्जी." आणि थोडं थांबून, "पर दोन कडव्यात बसलं असतं."

कुठे आहेस म्हणून विचारलं तर म्हणाला, वाळवा तालुक्यात. तिथल्या कारखान्याला ऊस चाललाय. "इथनं वाटेगाव जवळच हाय, गुर्जी. अण्णाभाऊंचं. मागल्या आमुशाला जाऊन आलो."

वाळव्यातून पोट भरायला माणसं मुंबईला गेली, त्यातून ते गाणं झालं. आता आमच्याकडची माणसं पोट भरायला वाळव्यात जातात.

हलगी घरी आहे म्हणाला, पण पान बदलायला झालंय. कारखान्याचा पट्टा पडला की येतो, मग वाजवू. किती कडवी हवी आहेत, ते तेवढं नातवाला विचारून ठेवा म्हणाला. मी सगळी म्हटलं.